दुधाच्या पैशातलं लंडन

अनसाकाकूंनी माझ्या काउंटरवर एक रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "पावणं, ह्यो जिथं इकत्यात तिथं जायचंय. दोघांला. काय खर्च येतो ते सांगा."

नारायणगावात एसटी स्टँडासमोर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पॅन कार्ड, लाइट बिल, विमानाची तिकिटं, सगळं एकाच काउंटरवर. माणसं कागद घेऊन येतात, कधी नुसतीच कुरकुर घेऊन येतात. रिकामा डबा घेऊन आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच. डबा पारदर्शक, झाकणाचा, अर्धा किलो द्राक्षं मावतील एवढा. एक्सपोर्टवाल्याच्या माणसानं कधीतरी नमुना म्हणून दिलेला, आणि काकूंनी जिरं ठेवायला ठेवून घेतलेला. झाकणावरची इंग्रजी चिठ्ठी मी वाचली; डब्याला अजून जिऱ्याचा वास येत होता.

"काकू, हे लंडन आहे."

"मंग लंडन," त्या म्हणाल्या. मी मंचर म्हणालो असतो तरी त्यांचा चेहरा एवढाच हलला असता.

मला त्या पावणं म्हणायच्या, कारण मी मूळचा घोडेगावचा. दुकान टाकून, घर बांधून, इथल्या मतदार यादीत नाव लावून मला वर्षं झाली होती. पण आंबेगाव तालुक्यातून आलेला माणूस जुन्नर तालुक्यात पाहुणाच, हे त्यांचं पक्कं मत. त्यावर मी एकदा वाद घातला तर म्हणाल्या, "मंग च्या घेऊन जाऊ नका, घरच्या माणसाला कोण इचारतंय!" तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

ओझरच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला त्यांची वस्ती होती. द्राक्षाची बाग, चार गाई आणि दादा, म्हणजे त्यांचे मालक. मुलगा चाकणला कंपनीत. बाई बुटकी, काटक; साडीवर दादांचा जुना फुल शर्ट, आणि त्या शर्टाच्या खिशात द्राक्षाच्या विरळणीची बारीक कात्री. नारायणगावला येताना शर्ट घरी राहायचा, पण कात्री पिशवीत असायचीच. माझ्याकडे पावती निघेपर्यंत काकू त्या कात्रीनं टेबलावरच्या कागदांचे फाटके कोपरे सरळ कापून द्यायच्या. मी नको म्हटलं तरी.

लंडनचं खूळ कुठून आलं, हे सांगायला पाहिजे. दादांना धाप लागायला लागली होती. फवारणीचं औषध आता नाकातोंडात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुलगा बाग बघणार नव्हता, आणि तसं त्यानं सरळ सांगितलंही होतं. तेव्हा हा हंगाम झाला की बाग तोडायची, असं घरात ठरलं. त्या बागेचा माल गाडीत भरून देण्यात दोघांचा जन्म गेला. गाडीचं दार लागलं की पुढचं कधी कुणी पाहिलं नाही. काकूंना बाग उभी असताना, एकदाच, आपला घड तिकडच्या दुकानात मांडलेला बघायचा होता आणि दादांना दाखवायचा होता. पुढच्या वर्षी गेलं असतं तर लंडन जागेवर असतं, पण बाग नसती.

"टूर कंपनीबरोबर जा की, स्वस्तात पडेल," मी म्हणालो.

"ते कवा नेत्यात?"

"मे महिन्यात."

"मे महिन्यात आमची द्राक्षं असत्यात का तिथं? मग मी काय बगू, पूल?"

लंडनला लोक पूलच बघायला जातात, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यांचा एक नियम होता. बागेचा पैसा बागेला. त्यातून मजुरी जायची, औषधं यायची, आता दादांचा दवाखानाही आला होता. लंडनचा खर्च दुधाच्या पैशातून. डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी व्हायचा, आणि तो पहिल्यापासून काकूंचा. "बाग दोघांची हाय, हौस माझी एकटीची," त्या म्हणायच्या. "माझ्या हौशीला बाग कशाला राबंल?"

त्यामुळे आमचा सगळा हिशोब गाईंमध्ये चालायचा. कपिला, तांबडी, बुटकी आणि मास्तरीण. मास्तरीण कारण ती कुणालाही लाथ मारायची. मी पौंडाचा भाव बघून रुपये सांगायचो, आणि काकू छताकडे बघून त्यांची गाय करायच्या. विमानाची तिकिटं कपिला आणि मास्तरणीकडे लागली. हॉटेलची खोली तांबडीकडे.

"एका रातीला एवढं? तांबडीचा अख्खा पगार?"

"लंडन आहे, काकू."

"आन् नाष्टा?"

"त्यात नाही."

"मंग आमी दशम्या नेऊ. बुटकीवर काय ठेवलंय?"

"बुटकीवर फिरणं. बस, भुयारातली रेल्वे. ते मोठं चक्र आहे, त्यात बसायचं असेल तर..."

"जत्रंत बसलोय आमी. खोडा ते. राजाचं घर भायेरनं बगायला काय घेत्यात?"

"फुकट."

"मंग ते घाला."

असं चालायचं. मी आयुष्यात इतकी सहलीची गिऱ्हाइकं पाहिली, पण लंडनचं प्रत्येक दार उघडताना गोठ्याकडे बघणारी ही एकच. मला गंमत वाटायची, आणि धास्तीही. कारण गाय म्हणजे काही बँक नव्हे. दिवाळीनंतर तांबडीच्या कासेला सूज आली. त्या दिवशी काकू दुकानात आल्या त्या बसल्याच नाहीत. "तांबडीचं दूध डेअरी घेत न्हाई. हॉटेल बुक करू नका. सूज उतरू द्या." सूज उतरेपर्यंत हॉटेलचे दर वर चालले होते, आणि मी रोज सकाळी आधी ते दर बघायचो, मग वस्तीवर फोन करून गाईची तब्येत विचारायचो. शेवटी तांबडी बरी झाली, पण दूध पहिल्यासारखं येईना. मुक्कामाची एक रात्र कमी केली. काकूंनी ती रात्र खोडली आणि तेवढ्या वेळात माझ्या पावती पुस्तकाचे सगळे कोपरे कापून टाकले.

डिसेंबरात मी पासपोर्टच्या कामासाठी वस्तीवर गेलो, तेव्हा बागेत विरळणी चालू होती. मांडवाखाली बायका मान वर करून उभ्या, हात वर, कात्र्यांचा नुसता किरकिर आवाज. दाट घडातले नको ते मणी काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. बायकांचा हात फिरून गेला की मागून काकू प्रत्येक घडाला पुन्हा हात लावायच्या. दादा म्हणाले, "ही अशीच. दुसऱ्याचं केलेलं हिला पटत न्हाई."

"ह्ये बगा पावणं," काकूंनी एक घड तळहातावर घेतला. "लोकं वरचं खांदं, ह्ये कडंचं झुबकं, तसंच ठेवत्यात. वजन भरतं ना. मी उतरवते. घड कसा, हातात बसला पायजे. माझा घड मी कुटंबी वळकीन."

"लंडनमध्ये?"

"कुटंबी म्हणलं ना."

मी हसलो. दादा हसले नाहीत. त्यांनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "तिकडं आपलाच माल आसंल ना नक्की? हिचा जीव लई अडकलाय त्यात." मी हो म्हणालो. डब्यावर लंडन लिहिलं होतं, मग माल आणखी कुठं जाणार!

व्हिसा आला. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला गेलो, तेव्हा काकूंच्या बोटांच्या रेषा यंत्राला लवकर सापडल्याच नव्हत्या, कात्रीनं आणि शेणानं झिजलेल्या. तरीही व्हिसा आला. तारीख ठरली. काढणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, गाडी भरली की चौथ्या दिवशी विमान. तिकिटं स्वस्तातली, रद्द केली तर काही परत न मिळणारी. मी तसं बजावून सांगितलं. "रद्द कशाला करू?" काकू म्हणाल्या.

मग थंडी पडली. त्या थंडीनं द्राक्षात साखर भरेना. एक्सपोर्टवाल्याचा सुपरवायझर यायचा, मणी पिळून काचेच्या नळीतून बघायचा आणि मान हलवून जायचा. माल कच्चा काढता येईना, आणि तिकिटाची तारीख तर दगडावरची रेघ. काकू मला दिवसातून दोनदा फोन करायच्या आणि नुसतं म्हणायच्या, "न्हाई आजून." मी दुकानात लोकांवर उगाच खेकसायला लागलो होतो. शनिवारचं विमान, आणि गुरुवारी एकदाची काढणी लागली.

तिकिटांचे कागद द्यायला मी गुरुवारी वस्तीवर गेलो. बांधावर कूलरची गाडी उभी, क्रेट भरले जात होते. काकूंनी पेढे आणले होते. त्यांनी आधी मला दिला, मग सुपरवायझरला.

"कशाचे, काकू?"

"आमी शनवारी लंडनला चाललो. आपला माल बगायला."

"कुठला माल?"

"ह्योच की."

त्याचा पेढा तोंडापाशीच थांबला. चांगला पोरगा होता. त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "काकू, हा बोटीनं जातो. समुद्रातनं. तीन-चार आठवडे लागत्यात पोचायला. तुमी जाऊन माघारी आला तरी ह्यो पाण्यातच असंल."

क्रेटवर क्रेट ठेवल्याचे आवाज तेवढे येत होते. एक्सपोर्टवाला अलीकडचा; त्याआधी आयुष्यभर ह्या घरानं वाशीच्या बाजारात माल पाठवला होता. संध्याकाळी गाडी भरायची, पहाटे बाजारात उतरायची. गाडी सुटली म्हणजे माल पोचला, हे हाडात मुरलेलं. म्हणून तारखा मांडताना दोघांच्याही डोक्यात समुद्र आला नाही. माझ्याही नाही, आणि मी तर दिवसभर इंटरनेटसमोर बसतो.

"मंग शनवारी तिथं कुणाचा माल आसंल?" काकूंनी विचारलं.

"असंल कुणाचातरी."

काकूंनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तर त्यांनी ते पुन्हा काढून पुन्हा लावलं.

शुक्रवारी सकाळी दोघं दुकानात आले. मी रात्रीत सगळं विचारून ठेवलं होतं. तारीख पुढं ढकलता येत होती, पण दंड आणि वाढलेलं भाडं मिळून जवळजवळ नव्या तिकिटाएवढं होत होतं. दुधाच्या पैशात एकाचं भागलं असतं. दोघांचं कशानंच भागत नव्हतं.

"मास्तरीण इकू," दादा म्हणाले.

"हौशीपायी गाय इकायची न्हाई."

"बागंचं पैसं येत्याल आता."

"ते तुमच्या दवाखान्याचं. त्याला हात लावला तर मी कुटंच जायची न्हाई."

मी म्हणालो, "काकू, मी देतो, सावकाश फेडा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चहा सांगायला गेलो. परत आलो तेव्हा त्यांचं ठरलं होतं. "ह्यांची तारीख बदला. माझं तिकीट जाऊ द्या. ह्यांनी बगावं म्हणूनच सगळं केलं."

दादा कमी बोलणारा माणूस. दुकानात यायचे तर दाराशीच बसायचे, खुर्ची दिली तरी अर्धीच घ्यायचे. ते म्हणाले, "मी जाऊन काय करू? मला पेटी वळकू येती. पेटी ऱ्हात आसंल मागं गोडावनात. दुकानात मांडत्यात त्यो घड. घड तुला कळतो."

"मी एकली? मला पुण्यात रिक्षा करता येत न्हाई!"

"मंग शिक."

काकूंच्या नाकावर राग चढला. त्या काहीतरी जोरात बोलणार असं वाटलं, पण त्यांनी पिशवीतून कात्री काढली, हातात धरली आणि परत ठेवून दिली. दादा जमिनीकडे बघत होते. मला त्या माणसाचा त्या क्षणी फार हेवा वाटला. कारण एवढं मोठं काही देताना त्यानं आवाजही चढवला नव्हता. काकू म्हणाल्या, "पावणं, माझी तारीख बदला," आणि पदरानं चेहरा पुसला.

मार्च संपता संपता त्या गेल्या. ओझरच्या एका मास्तरांची मुलगी, ऋतुजा, लंडनला नर्सिंग शिकत होती. तिच्या खोलीवर जागा नव्हती, पण हॉटेलात पोचवीन आणि सुट्टीच्या दिवशी फिरवीन असं तिनं कबूल केलं. विमानतळावर दारापाशी काकूंना कात्रीची आठवण झाली. "ही घेत्याल का काढून?" मी हो म्हणालो. त्यांनी ती दादांच्या हातात दिली आणि मागं न बघता आत गेल्या. येताना गाडीत दादा ती कात्री मुठीत धरून बसले होते. मी म्हटलं, बोचेल. ते म्हणाले, "बोचू द्या."

पहिल्या दिवशी काकूंचा फोन लागेना. दादा सकाळपासून माझ्या दाराशी बसलेले, आणि मी गिऱ्हाइकांशी बोलत एका डोळ्यानं फोनकडे बघत होतो. बाई विमानतळावरच कुठं हरवली असेल, कुणी काय विचारलं असेल, काय उत्तर दिलं असेल, नाही नाही ते मनात येत होतं. दुपारी ऋतुजाचा निरोप आला: काकू पोचल्यात, झोपल्यात, काकूंच्या फोनला इथं रेंज येत नाही. माझा जीव भांड्यात पडला. दादा उठले, बाहेर जाऊन रसवंतीवर उसाचा रस प्याले आणि परत येऊन बसले.

दोन दिवस नुसतेच निरोप. एका दुकानात द्राक्षंच नव्हती. दुसऱ्यात होती, ती दक्षिण आफ्रिकेची. राजाचं घर बाहेरून पाहिलं. काकू म्हणाल्या, गच्ची मोठी आहे, डाळी वाळवायला बरी. पण काकूंच्या बोलण्यात आता जोर उरला नाही, असंही ऋतुजा लिहायची. उद्या रात्रीचं परतीचं विमान, असं ऋतुजानं कळवलं, तेव्हा दादा म्हणाले, "तिला म्हणावं, ऱ्हाऊ दे आता."

ह्यानंतर काकू मला भेटल्या, पुष्कळदा भेटल्या. बाग तोडली, गाई विकल्या, आता दोघं चाकणला मुलाकडे असतात. पण मला त्या आठवतात त्या शेवटच्या दिवशी फोनवर दिसल्या तशाच.

आमच्याकडे उन्हं उतरली होती, तिकडे दुपार. व्हिडिओ कॉल आला. दादा खुर्चीतून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चित्र अडकत होतं. मग एक मोठं, झगझगीत दुकान दिसलं, आणि फळांच्या फळ्यांसमोर काकू. साडी, वर स्वेटर, आणि स्वेटरवर दादांचा तो जुना फुल शर्ट.

"इंडिया लिहिलंय!" फोनमागून ऋतुजा ओरडली. "दादा, इंडियाची आहेत!"

काकूंनी एक डबा उचलला. आमच्या जिऱ्याच्या डब्यासारखाच. उजेडाकडे धरला, उलटा केला, कडेनं बघितलं. मग दुसरा. तिसरा. दादांचा श्वास मला ऐकू येत होता.

"आपली का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी चौथा डबा उचलला.

"अनसा, आपली का?"

"न्हाई."

"नीट बग."

"बगितलं. माझा हात न्हाई ह्याला. खांदं ठेवल्यात." त्यांनी डबा खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो आम्हाला दिसू नये एवढं कसब त्यांच्याकडे नव्हतं. "पर दाटी न्हाई कुटं. नाशकाकडची आसंल कोण बाई. हात चांगला हाय तिचा."

दादांनी काउंटरला हात टेकला. ऋतुजा हळूच म्हणाली, "काकू, दुकानातला माणूस बघतोय आपल्याकडे. चला."

तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची गोरी म्हातारी ट्रॉली घेऊन आली आणि तिनं वरचाच डबा उचलला. काकूंनी तिचा हात धरला. खरोखर धरला, आठवडे बाजारात धरतात तसा. ऋतुजा "काकू!" म्हणून किंचाळली. काकूंनी म्हातारीच्या हातातला डबा काढून घेतला, खालच्या थरातून एक ओढला, उलटा करून पाहिला आणि तिच्यापुढं धरला. "ह्यो घ्या बाई. त्यातला तळाचा मणी फुटलाय."

म्हातारी काकूंकडे बघत राहिली. दादा इतके पुढं झुकले होते की मला स्क्रीन दिसेना.

"घेतला का तिनं?" त्यांनी विचारलं. "अनसा, घेतला का?"

"घेतला."

दादा खाली बसले, पहिल्यांदाच सबंध खुर्चीत. मला पुन्हा स्क्रीन दिसू लागली. म्हातारीची ट्रॉली वळणापलीकडे गेली होती आणि काकू अजून तिकडेच बघत होत्या. मग त्या फळीकडे वळल्या, फुटक्या मण्याचा डबा बाजूला काढून ठेवला, आणि कुणा अनोळखी बाईच्या हातचे बाकीचे डबे एकेक करून नीट लावू लागल्या.